निबंधाआधीची चार मिनिटं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत मुलं पर्याय निवडण्यात तरबेज होतात. ‘नीट’च्या १८० प्रश्नांत एकही वाक्य लिहावं लागत नाही. पण दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांपैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत आणि २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे. म्हणून लिहिण्याआधी विचार मांडून घेण्याबद्दलचे गैरसमज आता दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : मुद्दे काढण्यात वेळ वाया जातो.
वस्तुस्थिती : थेट लिहायला बसलेल्या मुलाला मुद्दा शोधणं, क्रम लावणं, वाक्य जुळवणं आणि शुद्धलेखन हे सगळं एकदमच सांभाळावं लागतं. त्या ओझ्यानं दुसऱ्या परिच्छेदातच पेन अडतं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड केलॉग यांच्या १९८८च्या प्रयोगात आधी आराखडा करणाऱ्या विद्यार्थ्यांचं लेखन अधिक दर्जेदार ठरलं. दहावीच्या निबंधाच्या आराखड्याला तीन-चार मिनिटं पुरतात.

गैरसमज : प्रश्नात मुद्दे दिलेलेच असतात, तोच आराखडा.
वस्तुस्थिती : ते मुद्दे ही फक्त सामग्री असते. समजा, विषय पाण्याचा आहे. कच्च्या कामात आधी सुचेल ते लिहावं : एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे, टँकर, कोरडा मांजरा प्रकल्प, ऊस, ठिबक. मग स्वतःला विचारावं, ‘मला नेमकं म्हणायचंय काय?’ उत्तर एका वाक्यात यावं : ‘पाण्याचं नियोजन दुष्काळाआधी व्हायला हवं.’ या वाक्याला न लागणारा मुद्दा, कितीही आवडता असला तरी, खोडावा. उरलेल्यांना क्रम द्यावा : आधी रेल्वेचा प्रसंग, मग टंचाईची कारणं, शेवटी उपाय. आता प्रत्येक परिच्छेदाला काम मिळालं. ‘पाणी हे जीवन आहे’ हे पाठ वाक्य चार वेळा लिहावं लागत नाही.

गैरसमज : आराखड्यानं लेखनातला जिवंतपणा जातो.
वस्तुस्थिती : नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर आठवा. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची प्रस्तावना म्हणजे त्यांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र. त्यात शिवचरित्राच्या साधनांची कठोर तर्कानं छाननी आहे, तरी ते वाचकाला धरून ठेवतं. विचार बांधेसूद असला की भाषा मोकळी होते.

गैरसमज : एकदा ठरलेला क्रम बदलायचा नाही.
वस्तुस्थिती : लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१मध्ये दाखवलं की लिहिणारा माणूस नियोजन, लेखन आणि दुरुस्ती यांत पुन्हा पुन्हा ये-जा करतो. लिहिताना चांगला मुद्दा सुचला तर त्याला जागा करून द्यावी.

गैरसमज : ‘आधी मुद्दे काढा’ एवढं सांगितलं की मुलांना जमतं.
वस्तुस्थिती : स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. लेखनाच्या दर्जावर लेखनापूर्वीच्या कृतींचा परिणाम (‘इफेक्ट साइझ’ या मापात) ०.३२ इतका, तर नियोजन, लेखन आणि दुरुस्तीच्या पायऱ्या पद्धतशीर शिकवण्याचा ०.८२ निघाला. म्हणून सरांनी किंवा मॅडमनी फळ्यावर मोठ्यानं विचार करत मुद्दे लिहावेत, खोडावेत, क्रम का बदलला ते सांगावं. पुढचा विषय वर्गानं मिळून करावा, त्यानंतरचा प्रत्येकानं एकट्यानं. वही तपासताना कच्चं कामही वाचावं. सरावाच्या जोरावर लातूरनं परीक्षेत नाव कमावलं. तोच सराव विचार मांडायला दिला, तर आपल्या मुलांना तयार निबंधांच्या पुस्तकांची गरज उरणार नाही.