टायरला फुगा आला तर?

शिकागोच्या थंडीत रस्त्याच्या भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं. मार्च उजाडेपर्यंत खड्डे तयार! अशा खड्ड्यात चाक आदळलं की टायरच्या बाजूला कधी लिंबाएवढा फुगा येतो. भारतातून आलेली वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढ्यासाठी नवा टायर? आपल्याकडे पंक्चरवाला दहा मिनिटांत नीट करेल." काटकसर मलाही आवडते, पण इथे मी दुकानदाराच्या बाजूने आहे.

रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे खिळा घुसला आणि भोक पाव इंचाच्या आत असलं, तर टायर उतरवून आतून ठिगळ लावता येतं. बाजूच्या भिंतीत ते पट्टे नसतात, फक्त धाग्यांचे थर असतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती वाकते, त्यामुळे तिथलं ठिगळ टिकत नाही. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेत. हवेचा दाब आता नुसतं रबर पेलतंय.

वरवर खरचटलं असेल तर दुकानात दाखवून घ्या. चीर खोल असली, धागे दिसले किंवा फुगा आला, तर लगेच स्टेपनी लावा आणि टायर बदला. छोटी स्टेपनी असेल तर ताशी ५० मैलांच्या आत चालवा. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल, तर एक बदलायचा की चारही, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा.

दिवाळीत मुलाबाळांना घेऊन दूरच्या नातेवाइकांकडे निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. खर्च शून्य!