मुलाखतीला सामोरे जाताना

जून-जुलै महिन्यांत पदवी परीक्षांचे निकाल हाती येऊ लागले, की धर्मग्रामाच्या कार्यालयात चारित्र्याचा दाखला मागण्यासाठी येणाऱ्या युवक-युवतींची संख्या वाढते. दाखल्यावर सही-शिक्का झाला, की त्यांच्यापैकी बरेच जण दारापाशी थांबून विचारतात, "फादर, मुलाखतीत काय विचारतील?" या साध्या प्रश्नामागे मोठी भीती दडलेली असते. गुणपत्रिका चांगली असते, लेखी परीक्षाही पार पडलेली असते. परंतु अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःविषयी बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. एकदोन ठिकाणी नकार मिळाला, की 'हे आपल्याला जमणारच नाही' अशी समजूत होऊन बसते आणि काही जण अर्ज करणेच सोडून देतात. कष्टाने शिकलेल्या मुलांची वाट केवळ या भीतीने अडावी, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

आत्मविश्वास ही काही जणांना जन्मतःच मिळालेली देणगी आहे, असे अनेकांना वाटते. आमचे मत निराळे आहे. मुलाखतीतील बहुतेक प्रश्न आधीच ठाऊक असतात आणि त्यांची उत्तरे उमेदवाराच्या स्वतःच्या आयुष्यातच असतात. ती शोधणे, कागदावर उतरवणे आणि मोठ्याने बोलून पाहणे, ही तयारी ज्याने केली त्याच्या ठायी आत्मविश्वास आपोआप येतो.

मुलाखत कशासाठी?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीला असतात. आयोग तिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो आणि ही उलटतपासणी नसून हेतुपूर्वक केलेले सहज संभाषण आहे, असे आपल्या परीक्षा नियमांतच स्पष्ट करतो. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँक अधिकाऱ्यांच्या भरतीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असे आहे. म्हणजे उमेदवाराला विषय किती येतो हे बऱ्याच अंशी लेखी परीक्षेतच कळलेले असते. समोर बसलेल्यांना जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की हा माणूस काम समजून घेईल का, इतरांबरोबर नीट वागेल का आणि याच्या शब्दावर विसंबता येईल का. खासगी कंपन्यांतही याच तीन गोष्टी पाहिल्या जातात.

भीती वाटणारच

छातीत धडधड होणे व तळहाताला घाम येणे ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. यर्क्स व डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक विचार पुढे आला : थोडा ताण काम सुधारतो, अतिताण ते बिघडवतो. तेव्हा भीती समूळ घालवण्याच्या मागे न लागता ती आटोक्यात ठेवावी. आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडलेला श्वास लांबवावा. असे चारपाच वेळा केले, की आवाजातील कंप कमी होतो. प्रार्थना अवश्य करावी. मात्र तिने तयारीची जागा घेऊ नये.

आपला अर्ज हाच अभ्यासक्रम

अर्जातील किंवा बायोडेटातील प्रत्येक ओळ हा एक संभाव्य प्रश्न असतो. छंद म्हणून 'वाचन' लिहिले असेल, तर शेवटचे पुस्तक कोणते वाचले, हे विचारले जाईल. शिक्षणात एक वर्ष खंड पडला असेल, तर कारण विचारले जाईल. वडिलांच्या आजारपणामुळे वर्ष वाया गेले असेल, तर ते दोन वाक्यांत शांतपणे सांगावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जे येत नाही ते अर्जात लिहू नये. खोट्या ओळीची चिंता उमेदवाराला पूर्ण मुलाखतभर छळते.

अर्जाची एक प्रत समोर ठेवून प्रत्येक ओळीखाली दोन प्रश्न लिहावेत. त्यानंतर संस्थेची माहिती काढावी : ती काय काम करते, तिची कार्यालये कोठे आहेत, जाहिरातीत कोणती कामे नमूद केली आहेत. 'आमच्याकडेच का यावेसे वाटले?' या प्रश्नाचे उत्तर या माहितीतच सापडते.

उत्तराची बांधणी

'मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे' असे प्रत्येक उमेदवार म्हणतो. घडलेली गोष्ट सांगितली तरच ऐकणाऱ्याला ते पटते. त्यासाठी चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात : परिस्थिती काय होती, आपल्यावर कोणती जबाबदारी होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले.

समजा, बी.कॉम. झालेली एक युवती पतपेढीत लेखनिकाच्या जागेसाठी गेली आहे. नोकरीचा अनुभव शून्य. परंतु धर्मग्रामाच्या युवा संघटनेची ती खजिनदार होती. ती म्हणू शकते, "आमच्या संघटनेत वर्गणीच्या पावत्या व वहीतील जमा यांचा मेळ बसत नव्हता. हिशेब माझ्याकडे आला. मी पावत्यांना अनुक्रमांक घातले आणि दर महिन्याला वही बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहू लागले. वर्षअखेरीस सभेत हिशेब मांडला, तेव्हा सर्व रकमा जुळल्या." एवढे सांगायला एक मिनिटही लागत नाही, तरी तिची सचोटी व कामाची पद्धत दोन्ही समोर येतात.

धर्मशिक्षण वर्गात मुलांना शिकवणारे, गायकवृंदाचा सराव घेणारे, सणाच्या दिवशी शेकडो माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहणारे आपले तरुण 'मला काहीच अनुभव नाही' असे म्हणतात, याचे आम्हांला नवल वाटते. अशा तीनचार गोष्टी निवडून या चार पायऱ्यांत बसवाव्यात. एकच गोष्ट अनेक प्रश्नांना उपयोगी पडते.

'तुमचा दोष सांगा' या प्रश्नाला 'मी अतिकष्ट करतो' असे पाठ केलेले उत्तर देऊ नये. खरा, परंतु सुधारता येण्याजोगा दोष सांगावा आणि तो सुधारण्यासाठी काय करीत आहोत, तेही सांगावे. उत्तर येत नसेल, तर 'मला माहीत नाही' असे नम्रपणे म्हणावे.

इंग्रजीची धास्ती

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना सर्वाधिक भय वाटते ते इंग्रजीचे. जिथे काम इंग्रजीतून चालते तिथे ती भाषा यावीच लागते. परंतु लहान, सरळ वाक्ये बोलणाऱ्याचे म्हणणे पोहोचते. अवजड शब्दांच्या मागे धावणारा अडखळतो. दोन मिनिटांची स्वतःची ओळख लिहून काढावी, ती शब्दशः पाठ न करता मुद्दे लक्षात ठेवून रोज मोठ्याने बोलावी व मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावी. प्रश्न समजला नाही, तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी. नागरी सेवा परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते, हेही लक्षात असू द्यावे.

'संभाषणात शब्दांचे महत्त्व केवळ ७ टक्के, बाकी सारे हावभाव व आवाज' असे अनेक शिकवणी वर्गांत सांगितले जाते. हा आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून घेतला आहे. मात्र ते प्रयोग भावना व्यक्त करण्यापुरतेच मर्यादित होते. मुलाखतीत आपण काय बोलतो, याला मोल आहेच. पोशाख स्वच्छ व साधा असावा, प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून बोलावे, एवढे पुरेसे आहे.

त्या दिवशी

मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या छायाप्रती, ओळखपत्र व छायाचित्रे आदल्या रात्रीच एका फाइलमध्ये क्रमाने लावावीत. वसई-विरारहून मुंबईला जाणाऱ्यांनी लोकल उशिरा धावेल हे गृहीत धरूनच घर सोडावे. मुलाखत ऑनलाइन असेल, तर उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसावे, इंटरनेट व आवाज आधी तपासावा आणि घरच्यांना कल्पना द्यावी.

सावधगिरी

मुलींना लग्न कधी करणार, असे आजही विचारले जाते. भरती करताना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास वेतन संहिता, २०१९ या कायद्याने मनाई केली आहे. 'माझी जबाबदारी मी पूर्ण वेळ देऊन पार पाडीन' असे शांत उत्तर देऊन विषय कामाकडे वळवावा.

मुलाखत 'जमवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. केंद्र सरकारने गट 'क' व अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासूनच बंद केल्या आहेत. त्या पदांसाठी मुलाखतीचे आमिष दाखवणारा फसवतो आहे, हे उघड आहे. परदेशी नोकरीसाठी एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी.

नकार आला तर

एका जागेसाठी अनेक उमेदवार येतात. नकार म्हणजे आपल्या योग्यतेवरचा अंतिम निवाडा नव्हे. मुलाखतीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न वहीत लिहावेत आणि कोणते उत्तर अडले, त्यावर खूण करावी. पुढच्या मुलाखतीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. आईवडिलांना आमची विनंती आहे, की मूल घरी परतताच 'काय झाले?' म्हणून त्याला घेरू नये आणि शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नये. आधी त्याला जेवू घालावे.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, परिचारिका व कारखान्यांत वरिष्ठ पदांवर काम केलेली माणसे आहेत. युवा संघटनांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर सभागृहात एक टेबल व चार खुर्च्या मांडून अशा मंडळींकडून सराव-मुलाखती घ्याव्यात. पहिल्यांदा अडखळायचे ते आपल्या माणसांसमोर अडखळावे. म्हणजे परक्यांसमोर बसण्याची वेळ येईल, तेव्हा आवाज स्थिर राहील.