बोटाखालची बाराखडी

दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या बंदरगावच्या मुलांसाठी शैक्षणिक प्रणाली रचू पाहणाऱ्याने प्रथम गावाचा वर्षक्रम समजून घ्यावा आणि मगच संगणकास हात लावावा. कारण जून-जुलैच्या सरकारी मासेमारीबंदीत होड्यांबरोबर बापाचा मोबाइलही घरी असतो, परंतु नेमक्या त्याच पावसात वीज बेभरवशाची होते, आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा झाला, की घरातील तो एकुलता मोबाइल बापाबरोबर खोल पाण्यात निघून जातो. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावरील धडे पाहण्याची शिफारस होत होती, तेव्हा ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडातील विजेचे खांबच आडवे करून ठेवले होते. इंटरनेटवाचून चालणे, जुन्या मोबाइलमध्ये मावणे, आणि मध्येच बंद पडल्यास सोडल्या जागेपासून पुन्हा सुरू होणे, या गोष्टी रचनाकार बहुधा यादीच्या तळाशी लिहितो. बुरोंडीत त्यांच्यावाचून पहिला धडाच उघडत नाही.

मुलाला आधी पाहून घडविलेल्या यंत्राचा एक गाजलेला प्रयोग कोकणातच झाला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील वीस-बावीस मुलांच्या एकशिक्षकी शाळेत ‘एक्सओ’ हा हिरवा-पांढरा छोटा संगणक आला. त्याचा पडदा उन्हातही वाचता येई, कळफलक लहान बोटांच्या मापाचा व पाणी-धूळ सोसणारा होता, आणि मुलाने केलेले काम जतन करण्याची आज्ञा न देताही रोजनिशीत आपोआप नोंदले जाई. तरीही पेरू देशातील ३१९ शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा याच यंत्रामुळे गणित वा भाषेत प्रगती झाल्याचे दिसले नाही. यंत्र मुलाच्या हाताला शोभले, पण शिक्षक आणि अभ्यासक्रम यांच्याशी त्याची सोयरीक नीट जुळली नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

याहून लहान, परंतु माझ्या मते अधिक मार्मिक असे काम पवईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्रात अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांच्या ‘स्वरचक्र’ या कळफलकावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात; ‘क’वर बोट टेकताच त्याच्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते, आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले, की अक्षर उमटते. जे मूल पाटीवर बाराखडी गिरवून आले, त्याला येथे नवे काही पाठ करावे लागत नाही; शाळेत मिळालेले ज्ञानच त्याला पडद्यावर वाट दाखविते. गुणांचे तक्ते आणि टाळ्यांचा गजर यांनी सजविलेली पुष्कळशी बाजारी प्रणाली, याउलट, जणू शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाठीच बनविलेली असते: मूल क्षणभर विचारात थांबले, तरी तिच्या दप्तरी तो विलंब म्हणूनच नोंदला जातो.

मुलाला आधी पाहून रचना करण्याचा विचार अंकगणितात तर फारच आवश्यक. आपण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात, मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीच्या विचाराने, ‘एकवीस’च्या जोडीस ‘वीस एक’ असा पर्याय आला आणि विधिमंडळापर्यंत गदारोळ उडाला. त्या वादात मी पडत नाही. मात्र पडद्यावरील प्रश्न मोठ्याने ऐकविला जातो, तेव्हा अडचण हातातोंडाशी येते. ‘पंचेचाळीस’ ऐकून मुलाने प्रथम ५ दाबला, तर डावीकडून भरणाऱ्या चौकटीत शेवटी ५४ उमटते, आणि संख्या जाणणाऱ्या मुलाच्या नावे चुकीचा शेरा पडतो. उपाय अवघड नाही: दशकाचे व एककाचे अशी दोन घरे द्यावीत, कोणतेही घर आधी भरण्याची मुभा असावी, आणि दोन्ही भरल्यावाचून निवाडा देऊ नये. मात्र ही अडचण कार्यालयात बसून ध्यानात येण्याजोगी नाही. मुलाच्या शेजारी, उत्तर न सुचविता, त्याचे बोट कोठे अडते ते पाहत बसणे भाग असते, आणि निविदेच्या तक्त्यात या कामाला सहसा रकाना नसतो.