पासवर्ड बरोबर, तरी खिडकी उघडेना!

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू लिनक्सचा स्वीकार केला. जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील न्यायालयेही याच ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या कक्षेत येतात. उबंटूच्या १४.०४ पासून १८.०४ पर्यंतच्या आवृत्त्या या प्रकल्पात वापरल्या गेल्या आणि नेमक्या याच काळात लिनक्समधील एक जुनी सवय मोडीत निघाली. संगणकाची देखभाल करणाऱ्याने ती न सोडल्यास यंत्र अडते, आणि पक्षकार तारखेसाठी ताटकळतो.

लिनक्समध्ये सर्वाधिकार 'रूट' या खात्याकडे असतात. एखादा खिडकीचा प्रोग्रॅम त्या अधिकाराने चालवायचा, तर पूर्वी 'जीकेसुडो' हे साधन पासवर्ड विचारून ते काम करी. डेबियनने २०१८ साली ते काढून टाकले. त्याच वर्षीच्या उबंटू १८.०४ मध्येही ते राहिले नाही. जुन्या टिपणवहीतील आज्ञा तेथे दिली, की 'आज्ञा सापडली नाही' एवढेच उत्तर मिळते.

मग हात आपसूकच साध्या 'सुडो'कडे वळतो. खरा घोटाळा येथे होतो. उबंटूच्या १९.१० पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडो वापरताना 'होम' फोल्डर वापरकर्त्याचेच राहत असे. परिणामी रूटने चालविलेला प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये स्वतःच्या मालकीच्या फाइली ठेवून जाई. त्यांत 'एक्सऑथॉरिटी' किंवा 'आयसीईऑथॉरिटी' ही फाइल सापडली, तर पुढच्या वेळी पासवर्ड बरोबर देऊनही पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिनची खिडकी पुन्हा समोर येते. अनेकजण येथे हताश होऊन सारी प्रणाली नव्याने बसवितात. त्याची मुळीच गरज नसते. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर जावे, लॉगिन करावे, त्या फाइलींची मालकी तपासावी आणि 'सीएच-ओन' आज्ञेने ती वापरकर्त्याला परत द्यावी. मात्र डिस्क पूर्ण भरली असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी मोकळी जागा पाहिलेली बरी.

जीकेसुडोची जागा घेणारे 'पोलकिट' वेगळ्या विचाराचे आहे. संपूर्ण प्रोग्रॅमला नव्हे, तर त्यातील नेमक्या कृतीला ते परवानगी देते. पासवर्डाची खिडकीच आली नाही, तर ती दाखविणारा 'एजंट' चालू नसतो. हलक्या डेस्कटॉपवर तो अनेकदा स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो. पासवर्ड स्वीकारला, पण 'डिस्प्ले उघडता येत नाही' असा संदेश आला, तर दोष पासवर्डाचा नसतो. पोलकिटची 'पीकेएक्झेक' ही आज्ञा पडद्याची माहिती रूटपर्यंत पोहोचवीत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमच्या धोरण-फाइलीत तशी मुभा नोंदवावी लागते. 'वेलँड' ही नवी पडदा-व्यवस्था तर रूटच्या खिडक्यांना सहसा दारातच अडविते.

पीकेएक्झेकही निर्दोष नव्हते. २००९ पासून त्यात दडलेली गंभीर त्रुटी क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये उघड केली. तिचा फायदा घेऊन साधा वापरकर्ताही रूट होऊ शकत असे. दुरुस्ती लगेच आली, परंतु अद्ययावत न केलेल्या यंत्रात ती त्रुटी अजूनही तशीच असते.

केवळ एखादी सेटिंगची फाइल बदलायची असेल, तर या कशाचीच आवश्यकता नाही. 'सुडोएडिट' ही आज्ञा फाइलीची प्रत वापरकर्त्याच्या अधिकारातच उघडते आणि बदल झाल्यावर ती मूळ जागी ठेवते.