घरट्यातील तंबाखू

पाखरांना औषध कळते असे म्हणण्याचा मोह फार जुना आहे. चिमणीच्या घरट्यात कडुनिंबाचा पाला सापडला की आपण तिला वैद्य ठरवून मोकळे होतो. डॉ. सालिम अली अधिक सावध होते. पक्षी अंगाला मुंग्या चोळतात ते उवा-पिसवा घालविण्यासाठी काय, असे त्यांनी १९३६ साली विचारले. तो प्रश्न होता, निकाल नव्हे. निकालाला कसोटी लागते.

तशी कसोटी मेक्सिको शहरात लागली. तेथील विद्यापीठाच्या आवारात चिमण्या आणि फिंच नावाची तेवढीच पाखरे सिगारेटची थोटके उसवून, त्यांतला कापसासारखा तंतू घरट्यात अंथरतात. तंतू जास्त त्या घरट्यात रक्त पिणारे बारीक किडे कमी, असे २०१२ साली दिसून आले. पण एवढ्याने काय सिद्ध होते? पाखराने तो उबेसाठीही उचलला असेल. म्हणून संशोधकांनी घरट्यांत ऊब देणारे सापळे लावले. एकावर ओढलेल्या सिगारेटचा तंतू, दुसऱ्यावर न ओढलेल्या सिगारेटचा. ओढलेल्याकडे किडे कमी गेले. धूर गाळताना त्या तंतूत निकोटिन साचते, आणि निकोटिन हे किड्यांचे विष. तंबाखूचे पाणी पिकावर फवारणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तरी मुख्य शंका उरतेच. पाखरू हे किड्यांसाठीच करते का? २०१७ सालच्या प्रयोगात फिंचच्या घरट्यांचे अस्तर बदलून काहींत जिवंत गोचिडी सोडल्या, काहींत मेलेल्या, काहींत काहीच नाही. जिवंत गोचिडी होत्या तेथे पाखरांनी थोटकांचा तंतू अधिक आणला. मला हा पुरावा भक्कम वाटतो.

मात्र हे औषध फुकट मिळत नाही. त्याच संशोधकांनी २०१४ साली पिलांचे रक्त तपासले. थोटके जास्त तेथे रक्तपेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा जास्त. विडी वळणाऱ्या आईशेजारी, तंबाखूच्या धुळीत निजलेली पोरे मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे हा सौदा मला अनोळखी वाटला नाही. गोचिडी आज रक्त पिते, विषाची इजा मागाहून कळते. आणि पिसे न फुटलेल्या पिलाला दोहोंपासून उडून जाता येत नाही.