रस्त्यावरील सहअस्तित्व : तंजावरच्या संदर्भात

तंजावरच्या जुन्या शहरात पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा चार राजवीथी आहेत. या वीथी रथ, पालख्या आणि पायी चालणाऱ्या माणसांसाठी होत्या. २०१५ साली सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर बृहदीश्वराचा रथ पुन्हा याच मार्गाने निघाला. एरवी मात्र येथे मोटारी, बसगाड्या, टेम्पो, रिक्षा, स्कूटर आणि सायकली यांची एकाच पट्ट्यात दाटी असते. दोन्ही बाजूंच्या घरांमुळे रस्तारुंदीला फारसा वाव नाही. असलेली जागा वाटून घेणे एवढेच हाती उरते आणि ही वाटणी कशी व्हावी, हे प्रामुख्याने मोटार चालवणारा ठरवत असतो.

या रस्त्यांवरील सायकली आणि स्कूटर यांच्यामागे शासकीय योजनांचाही वाटा आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकल देण्याची तमिळनाडू शासनाची योजना आहे. प्रारंभी ती अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींपुरती होती. २००५-०६ पासून तिचा विस्तार झाला. नोकरदार स्त्रियांना स्कूटर खरेदीसाठी निम्मी किंमत, मात्र कमाल २५ हजार रुपये, अनुदान देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. ती पुढे बंद पडली, तरी तिच्यातून आलेली वाहने रस्त्यावर आहेत. शिक्षण आणि रोजगार यांच्यासाठी दिलेल्या या साधनांचा उपयोग रस्ता कितपत सुरक्षित आहे यावर अवलंबून राहतो. एखाद्या अपघातानंतर मुलीची सायकल घरातच उभी राहिली, तर योजनेचा हेतूच संपतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकी वाहनांवरील होत्या. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे ६४,१०५ अपघातांची नोंद तमिळनाडूत झाली.

दुचाकीला लागणारी जागा

उभ्या सायकलची रुंदी पाऊण मीटरच्या आत असते. चालत्या सायकलला मात्र किमान एक मीटर लागतो. दोन चाकांवरचा तोल हँडल किंचित डावी-उजवीकडे वळवूनच राखला जातो. वेग कमी, चढ अधिक किंवा पाठीमागे ओझे असेल, तर ही हालचाल वाढते. स्कूटरची चाके लहान असल्याने मोटारीला जेमतेम जाणवणारा खड्डाही तिचा तोल घालवू शकतो. सायकलस्वार ‘मध्येच आडवा आला’ अशी तक्रार चालक नेहमी करतात. पण बहुतेक वेळा त्याच्यापुढे खड्डा, वाळू, उघडलेले दार किंवा पाण्याचे डबके असते आणि ते मागच्या मोटारीतून दिसत नाही. म्हणून मोटारचालकाने जागा सोडताना सायकल आज कोठे आहे एवढेच पाहून चालत नाही. पुढच्या दोन-तीन सेकंदांत तिला कोठे जावे लागेल, याचाही अंदाज घ्यावा लागतो.

हा अंदाज सरावाने येतो. सायकलस्वाराने पायडल मारणे थांबवले, मान मागे वळवली, अथवा स्कूटरचालकाने एक पाय खाली घेतला, तर तो दिशा बदलण्याच्या किंवा थांबण्याच्या बेतात आहे असे समजावे. कडेला बस उभी असेल, तर तिच्या मागचा प्रत्येक सायकलस्वार उजवीकडे येणारच. अशा वेळी ओलांडून जाण्याची घाई न करता त्याला आधी बाहेर येऊ द्यावे.

कर्कश हॉर्न हा आपल्याकडे इशारा मानला जातो. जवळून वाजवल्यास त्याचा परिणाम उलटा होतो. दचकलेला नवशिका उजव्या खांद्यावरून मागे पाहतो आणि त्याबरोबर हँडलही उजवीकडे, म्हणजे नेमके मोटारीच्या वाटेत वळते. हॉर्न द्यायचाच असेल, तर तो पुरेशा अंतरावरून आणि एकदाच द्यावा.

ओलांडताना किती अंतर ठेवावे, याबाबत फ्रान्समध्ये शहरात एक मीटर व शहराबाहेर दीड मीटर असा दंडक आहे. जर्मनीने २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर बंधनकारक केले. राजवीथीसारख्या रस्त्यावर दीड मीटर नेहमी मिळणार नाही. ज्या ठिकाणी ते मिळत नाही तेथे ओलांडू नये, हाच त्याचा अर्थ. पुढचे मोकळे ठिकाण येईपर्यंत सायकलच्या वेगाने मागे राहिल्यास अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ क्वचितच जातो.

वेग आणि वळण

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर साधारण तेवढ्याच अंतरात पूर्णपणे थांबलेली असते. म्हणजे १४ मीटरवर एखादी सायकल कलंडली, तर एक मोटार तिच्याजवळ येऊन थांबते आणि दुसरी तिच्यावर पूर्ण वेगाने आदळते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

डावीकडे वळणारी बस किंवा मालमोटार विशेष धोकादायक ठरते. तिच्या डाव्या अंगाला असलेली सायकल चालकाच्या आरशात अनेकदा दिसतच नाही आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत येतात. सायकल ओलांडून लगेच तिच्यासमोर डावे वळण घेणे हा प्रकारही टाळावा. उभ्या मोटारीचे दार उघडताना चालकाने डाव्या हाताचा उपयोग केल्यास शरीर आपोआप उजवीकडे वळते आणि मागून येणारी दुचाकी नजरेस पडते.

खोऱ्यातील ऋतू

कावेरीच्या खोऱ्यात रस्त्याची रुंदी ऋतूप्रमाणे बदलते. सांबा भाताच्या कापणीच्या सुमारास अनेक गावांत धान्य डांबरी रस्त्याच्या कडेलाच वाळत घातले जाते आणि सायकली रस्त्याच्या मध्याकडे ढकलल्या जातात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात कडेचे खड्डे पाण्याखाली दडतात व संध्याकाळ लवकर अंधारते. पुष्कळ सायकलींना दिवा नसतो, हा दोष सायकलस्वारांचा खराच. परंतु प्रखर दिवे खाली न करणारा चालक दिसण्याची उरलीसुरली शक्यताही घालवतो. ऑगस्टच्या अखेरीस वेलंकन्नीच्या यात्रेसाठी पायी निघालेले भाविक नागपट्टिणमच्या दिशेने जातात, तेव्हा रात्रीही रस्त्याच्या कडेला माणसे असतात हे गृहीत धरावे लागते.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. १९८९ च्या रस्तेविषयक नियमांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्तींची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकांवर सोपवले आहे. सायकलसाठी राखून ठेवलेल्या मार्गावर मोटार नेण्यास मनाई आहे. सायकलस्वारही उलट दिशेने येतात, सिग्नल मोडतात, हे नाकारता येत नाही. मात्र दोघांच्या चुकीची किंमत बहुधा सायकलस्वारालाच मोजावी लागते.

अपघात घडल्यास जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. तमिळनाडूत डिसेंबर २०२१ पासून अपघातग्रस्तांना पहिल्या ४८ तासांतील उपचार मोफत देण्याची योजना आहे, तर मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार देशभरात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचार मिळू शकतात. मदतीस धावणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १३४-अ चे संरक्षण असून, त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.