चिंतेवरची गोळी : लागते सहज, सुटते सावकाश

घरातल्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी बऱ्याचदा आणखी एक लहानशी गोळी असते. 'झोपेची', 'टेन्शनची' किंवा नुसतीच 'रात्रीची गोळी' म्हणून ती ओळखली जाते. कधी नोकरी गेली म्हणून, कधी घरात मृत्यू झाला म्हणून, कधी छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी ती १५ दिवसांकरिता लिहून दिलेली असते. पुढे डॉक्टर बदलतात, चिठ्ठी जीर्ण होते, मूळ दुःखही निवते. गोळी मात्र चालूच राहते. मग एके दिवशी कोणीतरी सांगते, "ही गोळी वाईट, आजच बंद करा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला घातक असतो. तो घातक का, आणि मग गोळी सोडायची तरी कशी, हे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत काम करणारी माणसे आहोत. तेव्हा ही माहिती डॉक्टरांच्या ऐवजी वापरायची नसून डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायची आहे, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

ही गोळी कोणती?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही या औषधांची मूळ नावे. पट्टीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि मूळ नाव बारीक अक्षरांत असते. ते बारीक नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. या सर्व औषधांच्या कुळाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. जुन्या पिढीला ठाऊक असलेली 'काम्पोज' म्हणजे याच कुळातील डायझेपाम.

या कुळातील पहिले औषध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत शोधले. १९६० मध्ये ते 'लिब्रियम' या नावाने आणि १९६३ मध्ये त्याचे भावंड 'व्हॅलियम' या नावाने बाजारात आले. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिट्युरेट औषधे दिली जात व त्यांची मात्रा जास्त झाली तर माणूस दगावत असे. त्या मानाने नवी गोळी पुष्कळ सुरक्षित होती, म्हणून ती जगभर झपाट्याने पसरली. मात्र १९६१ मध्येच अमेरिकेत डॉ. हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की मोठ्या मात्रेतील लिब्रियम एकाएकी थांबवले तर रुग्णांना त्रास होतो आणि काहींना फिटही येते. हा इशारा मनावर घेतला जायला बरीच वर्षे लागली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ही औषधे फक्त २ ते ४ आठवडेच द्यावीत असे सांगितले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर सप्टेंबर २०२० मध्ये या सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर अवलंबित्वाचा आणि ती सोडताना होणाऱ्या त्रासाचा ठळक चौकटीतील इशारा छापणे आवश्यक केले.

मेंदूत काय घडते?

आपल्या मेंदूत चेतना वाढवणारी रसायने आहेत, तशी ती आवरणारीही आहेत. आवरणाऱ्या मुख्य रसायनाचे नाव गाबा. गाडीला जसा ब्रेक, तसा मेंदूला गाबा. ही गोळी स्वतः ब्रेक लावत नाही, गाबाने लावलेला ब्रेक अधिक जोराने लागेल असे करते. म्हणून धडधड थांबते, स्नायू सैल होतात, झोप लागते.

पण मेंदू हा हिशेबी आहे. बाहेरून रोज मदत मिळते असे दिसले, की तो स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि चेतना वाढवणारी बाजू बळकट करून तोल साधतो. त्यामुळे काही आठवड्यांत त्याच मात्रेचा गुण कमी वाटू लागतो. अशा अवस्थेत गोळी एकदम काढून घेतली तर सैल ब्रेक आणि जोरात दाबलेला ॲक्सिलरेटर अशी गाडीची गत होते. गोळी सोडतानाचा सारा त्रास या एका गोष्टीतून निघतो. मेंदूला पुन्हा आपला ब्रेक घट्ट करायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला दिला पाहिजे.

हे व्यसन आहे काय?

डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्याच्या शरीराला तिची सवय होते, याला अवलंबित्व म्हणतात. मात्रा मनाने वाढवत नेणे, नुकसान होत असतानाही तिच्यामागे धावणे, ही व्यसनाची लक्षणे होत. दोन्हींत फरक आहे. आपल्या समाजात पंचशीलाचा आदर असल्यामुळे "मी पाचवे शील मोडतो आहे की काय" या विचाराने काही जण मनातल्या मनात झुरतात, तर काही जण ध्यान शिबिराला जायचे म्हणून आदल्या दिवशीच गोळी बंद करतात. औषध म्हणून घेतलेल्या गोळीची लाज वाटण्याचे कारण नाही. आणि शिबिरासाठी गोळी अचानक बंद करणे तर मुळीच बरोबर नाही.

एकदम सोडल्यास काय होते?

अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या औषधांचा त्रास एक-दोन दिवसांत जाणवू लागतो. डायझेपाम रेंगाळत जाते, म्हणून त्याचा त्रास आठवडाभरानेही सुरू होऊ शकतो. झोप उडणे, हात थरथरणे, घाम, धडधड, मान-पाठीचे स्नायू आखडणे, मुंग्या येणे, प्रकाश व आवाज सहन न होणे, चिडचिड, भीतीचे झटके ही नेहमीची लक्षणे आहेत. क्वचित भ्रम होतो, फिट येते आणि जिवावरही बेतू शकते.

आमच्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताच ७ वर्षांची गोळी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या रात्री त्यांना फिट आली. शेजाऱ्यांपैकी कोणी दृष्ट म्हणाले, कोणी करणी म्हणाले. कारण मात्र डब्यात शिल्लक राहिलेल्या पट्टीत होते. ते इस्पितळातील डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारल्यावर बाहेर आले, आणि आमचे सहकारी बचावले.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. गोळी कमी करताना अस्वस्थता वाढली की "माझा जुना आजारच उलटला" असे वाटते. तसे असूही शकते. परंतु मात्रा कमी केल्यावर लगेच सुरू झालेली, पूर्वी कधी नसलेली (उदाहरणार्थ मुंग्या किंवा आवाज असह्य होणे) आणि लाटेसारखी येऊन ओसरणारी लक्षणे ही बहुधा गोळी सोडण्याची असतात. निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांना सांगण्यासाठी वहीत तारीख, मात्रा, झोपेचे तास व लक्षणे लिहून ठेवावीत.

सोडण्याची रीत

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रा. हीदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला व सुमारे ३०० रुग्णांना साहाय्य केले. त्या अनुभवावर त्यांनी १९९९ मध्ये लिहिलेली पुस्तिका आजही जगभर वापरली जाते. तिचे सार असे : मात्रा थोडी थोडी कमी करा, वेग रुग्णाच्या सोयीने ठेवा आणि त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबा. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थांनी २०२५ मध्ये एकत्रित दिलेल्या मार्गदर्शनानुसार दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपातीपासून सुरुवात करावी. कोणत्याही २ आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कपात करू नये.

येथे आमच्या धंद्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. कर्जावरील व्याज जसे घटत्या शिलकेवर आकारतात, तशी ही टक्केवारी मूळ मात्रेवर न धरता त्या वेळच्या मात्रेवर धरायची. १० मिलिग्रॅम डायझेपाम घेणाऱ्याने १० टक्के कमी केले की ९ उरतात; पुढच्या वेळी १ नव्हे तर ०.९ कमी होऊन ८.१ उरतात. अशा ७ पायऱ्यांनी मात्रा निम्म्याच्या किंचित खाली येते, म्हणजे दोन आठवड्यांना एक पायरी धरली तरी तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. प्रत्यक्षात गोळ्या ठरावीक वजनाच्या मिळत असल्याने डॉक्टर आकडे जुळवून घेतात. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान असतात, कारण तेथे थोडी कपातही मोठी वाटते.

'फक्त अर्धा मिलिग्रॅम' या आकड्याने फसू नये. ॲश्टन यांच्या तक्त्याप्रमाणे अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम हा डायझेपाम १० मिलिग्रॅमच्या जवळपास असतो. म्हणूनच काही रुग्णांना डॉक्टर आधी डायझेपामवर आणतात व मग ते उतरवतात. हा बदल मनाने करू नये.

काही पथ्ये अशी :

१. एक दिवसाआड गोळी घेऊ नये. लवकर उतरणाऱ्या औषधांत यामुळे दर दुसऱ्या दिवशी त्रास नव्याने सुरू होतो.

२. गोळीच्या जागी दारू कदापि नको. दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो.

३. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून कडक नियमांखाली आहेत. दुकानदाराला चिठ्ठी पाहून नोंद ठेवावी लागते. गावी किंवा लग्नाला जाताना पट्टी आणि चालू चिठ्ठी दोन्ही जवळ ठेवावी, म्हणजे प्रवासात गोळी एकाएकी तुटणार नाही.

४. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी, रोज चालावे. अस्वस्थता आली की श्वास सावकाश सोडावा; घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा.

५. फिटचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व दारूची सवय असलेले यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय काहीही बदलू नये. फिटसाठी ही गोळी चालू असेल तर हा लेख त्यांच्यासाठी नाही.

घरच्यांचे काम

"एवढीशी गोळी सुटत नाही?" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्याऐवजी "आज किती झोप झाली?" एवढे विचारले तरी पुरे. गोळी लपवू नये, फेकू नये. म्हातारी माणसे या गोळीने तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते. म्हणून त्यांची गोळी कमी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. फिट, भ्रम किंवा जीव देण्याचे विचार दिसले तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मनाच्या त्रासाविषयी बोलण्यासाठी सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

विद्यार्थ्यांसाठी

परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राची गोळी घेणारे विद्यार्थी असतात. या गोळीचा एक गुणधर्म त्यांनी जाणून घ्यावा : तिच्या अमलाखाली नवीन गोष्टी स्मरणात नीट बसत नाहीत. जी झोपेसाठी घेतली, तीच अभ्यास पुसते. परीक्षेची भीती शिक्षकांना, पालकांना मोकळेपणाने सांगावी; दुसऱ्याच्या चिठ्ठीतील औषध घेऊ नये.

कॅनडात वृद्धांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गोळ्यांची सोप्या भाषेतील माहितीपुस्तिका थेट लोकांच्या हाती दिली गेली. ६ महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती, तर न मिळालेल्यांत ५ टक्क्यांची. माहिती हेही औषधच आहे, एवढाच याचा अर्थ. तेव्हा सभासदांना विनंती, की हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या डब्यातील पट्टीवरचे बारीक नाव वाचावे. ते वर दिलेल्या नावांपैकी असेल, तर आज रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी.